उणीव की आधिक्य? जीवनसत्त्वांच्या गोळीचा पावणेतीनशे वर्षांचा इतिहास

१/
एप्रिल १९९४ मध्ये फिनलंडमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५० ते ६९ वयाचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष तीत सहभागी होते. शरीरात ज्याचे 'अ' जीवनसत्त्व बनते, ते बीटा-कॅरोटीन रोज गोळीतून दिल्यास फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती गोळी घेणाऱ्यांमध्ये हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला.

२/
त्याआधी तीनच वर्षे, १९९१ मध्ये, दुसऱ्या एका चाचणीचा निकाल आला होता. सात देशांतील ३३ केंद्रांवर चाललेली ही चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. फॉलिक आम्लाच्या गोळीचा लाभ इतका स्पष्ट दिसला होता, की काही स्त्रियांना ती न देणे नीतीला धरून राहिले नसते. बाळाच्या मेंदूच्या व मज्जारज्जूच्या घडणीतील गंभीर जन्मजात दोष या गोळीने सुमारे ७२ टक्क्यांनी टळले होते.

३/
एका गोळीने बाळे वाचतात, दुसरीने धोका वाढतो. मग आहारपूरके घेतल्याने आरोग्य खरोखर सुधारते का? हा प्रश्न आज औषधांच्या दुकानांत, व्यायामशाळांत आणि घराघरांत विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्याची रीत मात्र एका युद्धनौकेवर, जावा बेटावरील कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आणि मुंबईतील एका प्रयोगशाळेत हळूहळू घडत गेली. या धाग्यात तिचा मागोवा.

४/
आरंभ समुद्रावर होतो. दीर्घ सफरींवरील खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलू लागत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि अखेर मृत्यू येई. हा रोग म्हणजे स्कर्व्ही. १७४० साली ब्रिटिश नौदलाचा अधिकारी जॉर्ज अ‍ॅन्सन सुमारे १,९०० माणसे घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. चार वर्षांनी त्यांतील फार थोडे मायदेशी परतले. शत्रूच्या तोफांनी मेलेल्यांची संख्या नगण्य होती. बहुतेकांचा बळी रोगाने, आणि त्यातही प्रामुख्याने स्कर्व्हीने घेतला.

५/
२० मे १७४७ रोजी 'सॅलिस्बरी' या युद्धनौकेवरील शल्यवैद्य जेम्स लिंड याने स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले. शक्य तितकी सारखी अवस्था असलेले. सर्वांना एकाच जागी ठेवून एकच जेवण दिले आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाचे मद्य, दुसरीला पातळ केलेले गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला दोन संत्री व एक लिंबू, आणि सहावीला लसूण-मोहरीचा लेह.

६/
सहा दिवसांत फळे संपली. पण तेवढ्यात संत्री-लिंबू मिळालेला एक खलाशी कामावर रुजू होण्याइतका सुधारला आणि दुसरा इतर रुग्णांची शुश्रूषा करू लागला. उरलेल्या जोड्यांपैकी सफरचंदाचे मद्य मिळालेल्यांत किंचित फरक पडला, बाकीच्यांत जवळजवळ नाही. समान स्थितीतील रुग्ण, वेगवेगळे उपचार, परस्परांशी तुलना, अशी मांडणी असलेल्या वैद्यकीय प्रयोगांच्या आरंभीच्या नोंदींत या प्रयोगाची गणना होते.

७/
यानंतर स्कर्व्ही संपायला हवा होता. तसे घडले नाही. १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिंडच्या जाडजूड ग्रंथात या प्रयोगाला मोजकीच पाने मिळाली. रोगाचे मूळ त्याने दमट हवा, पचन व घाम यांत शोधले. फळांचा रस टिकावा म्हणून तो आटवून ठेवण्याची त्याने शिफारस केली. परंतु उष्णतेने त्यातील उपयुक्त घटकच नष्ट होई. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस नियमित देण्याचा निर्णय घेतला तो १७९५ मध्ये. प्रयोगानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी.

८/
पुढील कथा अधिक बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नौदलाने भूमध्य सागराकडील लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील आंबट, लहान लिंबे वापरायला घेतली. आंबटपणा अधिक म्हणजे गुण अधिक, असा समज. वस्तुतः या रसात 'क' जीवनसत्त्व बरेच कमी होते. १८७५ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उफाळला. उपाय हाती होता, तो का लागू पडतो हे मात्र ठाऊक नव्हते. त्यामुळे तो हातचा निसटला.

९/
आता जपान. १८८२-८३ मध्ये 'र्‍युजो' ही प्रशिक्षण नौका न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका व हवाई अशा सफरीवर होती. ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला, २५ दगावले. पाय सुजणे, बधिर होणे, हृदय कमकुवत होणे ही या रोगाची लक्षणे. लंडनमध्ये शिकलेला नौदलाचा वैद्य ताकाकी कानेहिरो याची नजर खलाशांच्या थाळीकडे गेली. तिच्यात मुख्यतः पांढरा, सडलेला तांदूळ होता.

१०/
१८८४ मध्ये ताकाकीच्या आग्रहावरून 'त्सुकुबा' ही नौका त्याच मार्गाने, परंतु मांस, दूध आणि अन्य धान्ये असलेल्या आहारासह पाठवण्यात आली. बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. ताकाकीचे स्पष्टीकरण चुकीचे होते. प्रथिने कमी पडतात म्हणून रोग होतो, असे त्याला वाटे. त्याचा प्रयोग मात्र बरोबर निघाला. जपानच्या भूदलाने हा आहार लवकर स्वीकारला नाही. रोगामागे जंतू असावा, असे तेथील वैद्यांचे मत होते. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात या दलातील हजारो सैनिक बेरीबेरीने मरण पावले.

११/
जंतूचा संशय त्या काळी स्वाभाविक होता. पाश्चर व कॉख यांच्या शोधांनी वैद्यकाला नवी दृष्टी दिली होती: रोग म्हणजे बाहेरून काहीतरी शरीरात शिरणे. एखादी गोष्ट अन्नात नसल्यामुळे माणूस आजारी पडतो, ही कल्पना त्या चौकटीत बसत नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दाखवता येतो. अभाव कसा दाखवावा?

१२/
तो कोंबड्यांनी दाखवला. १८९० च्या सुमारास बटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्तामध्ये, डच वैद्य क्रिस्तियान आइकमन बेरीबेरीचा जंतू शोधत होता. प्रयोगशाळेतील कोंबड्या अचानक लुळ्या पडू लागल्या आणि काही काळाने तितक्याच अचानक बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले, की काही महिने त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढरा भात मिळत होता. मग नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देणे त्याला मान्य नव्हते.

१३/
कोंबड्यांवरून माणसांविषयी अनुमान काढणे धोक्याचे होते. म्हणून १८९५-९६ मध्ये आइकमनचा सहकारी अडोल्फ फोर्डरमन याने जावा व मदुरा बेटांवरील १०१ तुरुंगांची पाहणी केली. जेथे पूर्ण सडलेला पांढरा तांदूळ दिला जाई, अशा ५१ तुरुंगांपैकी ३६ मध्ये बेरीबेरी आढळला. जेथे कोंडा राखलेला, आपल्याकडील हातसडीसारखा तांदूळ होता, अशा ३७ पैकी केवळ एका तुरुंगात.

१४/
तरीही पांढऱ्या तांदळात एखादे विष असावे आणि कोंडा त्यावर उतारा ठरत असावा, असेच आइकमनला वाटत राहिले. १९०१ मध्ये त्याच्याच प्रयोगशाळेतील खेरित ग्रेन्स याने नेमका उलटा अर्थ लावला: विष कुठेच नाही, कोंड्यात शरीराला अत्यावश्यक असे काहीतरी आहे आणि ते सडताना निघून जाते. १९१२ मध्ये पोलिश रसायनशास्त्रज्ञ काझिमिर फंक याने अशा घटकांना 'व्हायटामिन' हे नाव दिले. मराठीने त्यासाठी 'जीवनसत्त्व' हा शब्द रुजवला.

१५/
या टप्प्यापर्यंतचा धडा असा: जीवनसत्त्वाचा शोध त्याच्या अभावातून लागला. ते शक्तिवर्धक म्हणून कुणी शोधून काढले नव्हते. एक विशिष्ट रोग, अन्नातील एक विशिष्ट उणीव आणि ती भरताच दिसणारा लख्ख फरक, अशी ही साखळी होती. बेरीबेरी नसलेल्या माणसाला कोंड्याने अधिक बळ येते, असे ना ताकाकी म्हणाला, ना ग्रेन्स.

१६/
आता मुंबई. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही ब्रिटिश संशोधिका येथे आली. कापडगिरण्यांशी संबंधित गरीब कुटुंबांतील गरोदर स्त्रियांना एक तीव्र रक्तक्षय होत असे. रक्तातील लाल पेशी संख्येने कमी व आकाराने अवाजवी मोठ्या होत, आणि अनेक माता बाळंतपणाच्या काळात दगावत. विल्सने परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोग आरंभले आणि या स्त्रियांच्या राहणीची व आहाराची बारकाईने पाहणी केली.

१७/
रोगजंतू सापडेना. आहार मात्र निकृष्ट होता. भाज्या, फळे, दूध यांचा तुटवडा. विल्सने तसाच आहार उंदरांना आणि नंतर माकडांना दिला. त्यांनाही रक्तक्षय झाला. मग मद्यनिर्मितीत उरणाऱ्या यीस्टपासून बनणारा मार्माइट हा स्वस्त अर्क देऊन पाहण्यात आला. माकडे सुधारली. रुग्ण स्त्रियाही सुधारल्या, त्याही झपाट्याने. १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

१८/
मार्माइटमधील तो अज्ञात घटक दीर्घकाळ 'विल्स घटक' म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला आणि लॅटिन भाषेतील 'पान' या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ च्या सुमारास तो प्रयोगशाळेत तयार करणारा चमू अमेरिकेतील लेडर्ले कंपनीचा होता. त्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव.

१९/
दुसऱ्या क्रमांकात उल्लेखलेली १९९१ ची चाचणी याच फॉलिक आम्लाची. आधीच्या गरोदरपणात बाळाला असा जन्मदोष झालेल्या १,८१७ स्त्रिया तीत सहभागी होत्या. १९९८ पासून अमेरिकेत मैद्यासारख्या धान्यपदार्थांत फॉलिक आम्ल मिसळणे बंधनकारक झाले. गर्भधारणेपूर्वी व गर्भधारणेच्या आरंभी ही गोळी घेण्याचा सल्ला आज जगभर दिला जातो. मुंबईच्या चाळींतील स्त्रियांच्या रक्तक्षयापासून निघालेली वाट इथवर पोचली.

२०/
परंतु याच कथेत एक गंभीर वळण आहे. १९४७ च्या सुमारास बॉस्टनमधील वैद्य सिडनी फार्बर रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त मुलांवर उपचार करत होते. फॉलिक आम्लाची संयुगे दिल्यावर काही मुलांचा रोग बळावल्याचे त्यांना दिसले. वाढणाऱ्या पेशींना लागणारा घटक कर्करोगाच्या पेशींनाही हवाच असतो. मग फार्बरनी नेमकी उलट वाट धरली. सुब्बाराव यांच्या चमूकडून फॉलिक आम्लाला अडवणारे अमिनॉप्टेरिन मिळवले. १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांचा वृत्तान्त दिला. त्यांपैकी १० जणांत, काही काळापुरती का होईना, सुधारणा झाली. आधुनिक केमोथेरपीच्या आरंभीच्या पावलांपैकी हे एक.

२१/
म्हणजे एकच द्रव्य. मुंबईतील गरोदर स्त्रीसाठी ते प्राणदायी आणि बॉस्टनमधील त्या मुलांसाठी अपायकारक. 'फॉलिक आम्ल चांगले की वाईट?' हा प्रश्न येथे निरर्थक ठरतो. कोणाला, कोणत्या अवस्थेत आणि कशाची उणीव असताना, असे विचारले तरच उत्तर संभवते.

२२/
उणीव केवळ व्यक्तीची नसते, ती भूमीचीही असते. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यातील मातीत व पाण्यात आयोडीन अत्यल्प असल्याने गलगंड सर्वत्र दिसे. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात तीन विभाग पाडून काही भागांत आयोडीनयुक्त व एका भागात साधे मीठ पुरवले. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. १९६२ मध्ये भारताचा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मिठातून पोचणारे हे आहारपूरक आज घरोघरी आहे. ते पूरक आहे याची आठवणही कुणाला नसते.

२३/
मग गाडी रुळावरून उतरली कुठे? १९३३ मध्ये 'क' जीवनसत्त्व प्रयोगशाळेत बनवण्याची रीत सापडली आणि पुढच्याच वर्षी रोश कंपनीने ते 'रेडॉक्सॉन' या नावाने बाजारात आणले. जीवनसत्त्वे आता टनांवारी तयार होऊ शकत होती. ज्यांना उणिवेचा रोग आहे असे ग्राहक मात्र श्रीमंत देशांत झपाट्याने कमी होत होते. तेव्हा एक नवे तर्कट आकाराला आले: कमतरतेने रोग होतो, तर अधिक घेतल्याने अधिक आरोग्य लाभेल.

२४/
या तर्काला सर्वांत मोठे नाव मिळाले ते लायनस पॉलिंग यांचे. रसायनशास्त्राचे (१९५४) व शांततेचे (१९६२) अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांच्या नावावर होती. प्रौढ माणसाची 'क' जीवनसत्त्वाची रोजची गरज शंभर मिलिग्रॅमच्या आत असते. १९७० मध्ये सर्दीवरील आपल्या पुस्तकात पॉलिंग यांनी रोज एक ग्रॅम वा त्याहून अधिक घेण्याचा सल्ला दिला. पुढे कर्करोगावरही मोठी मात्रा उपयोगी पडते, असा दावा केला. विक्री प्रचंड वाढली.

२५/
दाव्यांची परीक्षा झाली. मेयो क्लिनिकने १९७९ व १९८५ मध्ये कर्करुग्णांना रोज दहा ग्रॅम 'क' जीवनसत्त्व तोंडावाटे देऊन पाहिले. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी, घेणाऱ्यांच्या तुलनेत कोणताही लाभ दिसला नाही. सर्दीवरील अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा, की नियमित गोळी घेऊनही सामान्य माणसाला सर्दी तितक्याच वेळा होते. प्रौढांत तिचा कालावधी सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. मॅरेथॉन धावपटू, कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशा कमालीचा शारीरिक ताण असलेल्यांत मात्र सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले. दावा संपूर्ण खोटा नव्हता. ज्यांना तो विकला गेला, त्यांतील बहुतेकांना तो लागू नव्हता.

२६/
आता फिनलंडकडे परत. तेथील संशोधक बेजबाबदार नव्हते. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत व रक्तात बीटा-कॅरोटीन अधिक असणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले होते. त्यावरून बीटा-कॅरोटीन हेच रक्षक असावे, असे अनुमान निघाले. परंतु भाज्या खाणारा माणूस बहुधा कमी विड्या-सिगारेटी ओढतो, अधिक चालतो, वेळेवर वैद्याकडे जातो. शिवाय भाजीत शेकडो घटक असतात. त्यांतील एकच उचलून, एकट्याने, मोठ्या मात्रेत दिला, तर तो भाजीचे काम करीलच असे नाही.

२७/
फिनलंडचा निकाल योगायोग असेल, असे काहींना वाटले. जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेतील तशीच चाचणी नियोजित वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. धूम्रपान करणारे, पूर्वी करत असलेले व अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क आलेले १८,३१४ जण तीत होते. बीटा-कॅरोटीन व 'अ' जीवनसत्त्व घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के अधिक होते. त्याच वर्षी २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवरील बारा वर्षांच्या चाचणीचा निकाल आला. त्यांत धूम्रपान करणारे थोडेच होते: ना लाभ, ना हानी.

२८/
१९९४ हे वर्ष या इतिहासात विलक्षण ठरते. एप्रिलमध्ये फिनलंडचा निकाल. ऑगस्टमध्ये पॉलिंग यांचे निधन. आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत आहारपूरकांविषयीच्या नव्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची स्वाक्षरी. या कायद्याने आहारपूरकांना अन्नाच्या वर्गात ठेवले. विक्रीपूर्वी उत्पादन उपयुक्त आहे हे शासनापुढे सिद्ध करण्याची सक्ती उत्पादकावर राहिली नाही. ते असुरक्षित आहे हे दाखवण्याचा भार शासनावर आला. पुरावा कठोर होत असताना पुराव्याची अट सैल झाली.

२९/
त्यानंतरचे चित्र संमिश्र आहे. ३५,५३३ पुरुषांवरील एका चाचणीत २०११ मध्ये दिसले, की 'ई' जीवनसत्त्वाने प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला. २०१२ मध्ये १४,६४१ पुरुष डॉक्टरांवरील चाचणीत मल्टीव्हिटॅमिनने सर्व कर्करोगांचे प्रमाण ८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हृदयविकारावर मात्र परिणाम दिसला नाही. २०१८ मध्ये २५,८७१ जणांवरील चाचणीत 'ड' जीवनसत्त्वाने कर्करोग किंवा हृदयविकार यांचे नवे रुग्ण घटले नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने या दोन रोगांच्या प्रतिबंधासाठी बीटा-कॅरोटीन व 'ई' घेऊ नये असे सांगितले. मल्टीव्हिटॅमिनविषयी पुरावा अपुरा असल्याचे नोंदवले.

३०/
तेव्हा मूळ प्रश्नाचे इतिहासाने दिलेले उत्तर असे. उणीव असेल तेथे आहारपूरक आरोग्य खरोखर सुधारते, काही वेळा प्राणही वाचवते: रक्तक्षयात लोह, गर्भधारणेच्या काळात फॉलिक आम्ल, प्राणिज पदार्थ पूर्ण वर्ज्य करणाऱ्यांना 'बी-१२'. चौरस आहार घेणाऱ्या निरोगी माणसाला त्यातून मिळणारा लाभ शून्य किंवा अल्प. काही जीवनसत्त्वे शरीरात साठतात, त्यांचे आधिक्य बाधते. गरोदरपणातील 'अ' जीवनसत्त्वाचे आधिक्य तर गर्भालाही. म्हणून आधी तपासणी आणि वैद्याचा सल्ला, मग गोळी.

३१/
चूक दोन्ही बाजूंनी होते आणि तिची किंमत माणसे मोजतात. उणीव ओळखण्यास विलंब झाला म्हणून लिंडनंतरची अठ्ठेचाळीस वर्षे खलाशी मरत राहिले आणि जपानी सैनिकही मेले. उणीव नसताना मात्रा वाढवली म्हणून चाचणीतील धूम्रपान करणाऱ्यांचा धोका वाढला. 'सगळ्या गोळ्या थोतांड' म्हणणारा पहिली चूक करतो. 'घेऊन ठेवायला काय हरकत आहे' म्हणणारा दुसरी.

३२/
अखेर एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याची कारणे अनेक आहेत. आहारातील लोह व फॉलेट यांची उणीव त्यांत ठळक. गरोदर स्त्रियांना शासनाकडून या दोन्हींच्या गोळ्या १९७० पासून दिल्या जात आहेत. चकचकीत डब्यांतील महागड्या कॅप्सूल ज्यांना सहज परवडतात, त्यांतील अनेकांना त्यांची गरज नसते. ज्या उणिवेचा माग काढत ल्यूसी विल्स परळच्या प्रयोगशाळेत बसली होती, ती मात्र अद्याप पुरती भरलेली नाही.

(धागा समाप्त)